व्हर्नाचा सोफा आणि ग्रेव्हीची बोटं

माझ्या सासूबाईंचा हिरवा मखमली सोफा त्यांच्या संसाराइतका जुना आहे, आणि त्या सगळ्या काळात मखमलीला माणसाचा स्पर्श म्हणून झाला नव्हता. सोफ्यावर जाड, पारदर्शक प्लास्टिकचं आवरण होतं. उन्हाळ्यात त्यावर अर्ध्या चड्डीत बसलेला पाहुणा उठायला लागला की असा काही आवाज व्हायचा की बाकीचे लोक सभ्यपणे छताकडे पाहत. मार्लिसला मागणी घालायला मी याच सोफ्यावरून उठलो होतो. माझं वरचं निम्मं उठलं. खालचं निम्मं सोफ्यापाशी थांबून विचार करत राहिलं. मार्लिस हसली, आणि तिने हो म्हटलं ते हसण्याच्या भरात, असा माझा आजही संशय आहे.

सासूबाई, म्हणजे व्हर्ना, ज्येष्ठांच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायला गेल्या तेव्हा सोफा आमच्याकडे आला. आल्या आल्या मार्लिसने कात्री घेतली.

"लीलँड, आपण सोफ्यावर बसायला जन्माला आलोय, प्लास्टिकवर नाही," ती म्हणाली आणि तिने ते आवरण सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. आत मखमल इतकी ताजी होती की आम्हां दोघांनाही तिच्यावर बसायचा धीर होईना. आम्ही उभ्यानेच कॉफी घेतली.

धीर झाला तो ग्रेव्हीला. ग्रेव्ही ही आमची मांजर. रंग तपकिरी, टर्कीवर ओतायच्या रश्शाचा असतो तसा. स्वभावही तसाच, कुठेही पसरणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर सोफ्याचा ओरबाडलेला डावा हात, कोणीतरी वर्तमानपत्र वाचायला घेऊन अर्ध्यावर टाकावं, तसा दिसत होता.

मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. गारपिटीने उडालेली छपरं, तळघरात शिरलेलं पाणी, हरणाला धडकलेल्या गाड्या, सगळं मी थंड चेहऱ्याने पाहिलेलं आहे. घरमालक माझ्यासमोर रडतात आणि मी त्यांना कागदी रुमाल देतो. त्या सकाळी कागदी रुमाल द्यायला मला कोणी नव्हतं. नोव्हेंबर लागला होता, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला व्हर्ना आमच्याकडे येणार होत्या.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. घरात माझी म्हणावी अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे टीव्हीसमोरची पाठ मागे कलणारी चामड्याची खुर्ची. ग्रेव्हीने तिला कधी पंजा लावला नव्हता. मी ते आदराचं लक्षण समजत होतो.

सोफ्याची बातमी व्हर्नांपर्यंत पोचली. (मार्लिस आईपासून काही लपवत नाही. हा तिचा सद्गुण आहे असं आम्ही धरून चालतो.) लगेच फोन आला.

"नखं काढून टाक तिची," व्हर्ना म्हणाल्या. "त्यात काय एवढं? मी प्रिन्सेसची काढली होती. सकाळी सोडली, दुसऱ्या दिवशी घरी आणली."

प्रिन्सेस ही व्हर्नांची पांढरी मांजर. तिला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, पण घराण्यात तिचं स्थान काही दिवंगत काकांच्या वर आहे. तिच्या चालण्याची ख्याती होती. पाऊल टेकवलं न टेकवलं करत, गरम फरशीवरून एखादी राजकन्या जावी तशी ती चालायची. पाहुणे आले की व्हर्ना तिला मुद्दाम स्वयंपाकघरातून चालत यायला लावत. ती चावायची, हे खरं. पण व्हर्नांच्या मते ती माणसं पारखून चावायची. मला ती दर वेळी चावली.

"सोफा मला धड दिसला पाहिजे, लीलँड," व्हर्नांनी बजावलं. "मी त्या सोफ्यावर एकदाही आरामात बसले नाही. ते काय तुमच्या मांजरीसाठी?"

नखं काढायची. मला वाटलं, न्हाव्याकडे जाण्यासारखंच काहीतरी असेल. केस कापतात, तशी नखं. पशुवैद्यांच्या दवाखान्यात फोन केला. यंत्राने मला सांगितलं की कुत्र्यासाठी एक दाबा, मांजरीसाठी दोन. मी दोन दाबल्यावर एका उत्साही आवाजाने विचारलं, "ग्रेव्हीचे बाबा बोलताय का?" मी सांगितलं की मी लीलँड क्रुगर बोलतोय. "हो हो, बाबाच," ती म्हणाली आणि वेळ दिली. कशासाठी ते सांगितल्यावर मात्र तिचा आवाज उतरला. "त्याबद्दल डॉक्टर तुमच्याशी समोरासमोर बोलतील," ती म्हणाली. मी ते सौजन्य समजलो.

दरम्यान शेजाऱ्यांना कळलं. आमच्या एल्म फोर्क गावात लोक एकमेकांच्या भानगडीत पडत नाहीत; ते फक्त कुंपणापाशी पानं गोळा करत बराच वेळ उभे राहतात. डावीकडे ड्वेन सोबचाक राहतो. पानं उडवायचं यंत्र बंद न करताच तो ओरडला, "बेधडक काढ! माझ्या मावशीने सगळ्या मांजरींची काढली. मांजर घरात, नखं बाहेर!"

उजवीकडे बर्नाडेट हॉफ राहते. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त. घरात तीन मांजरी आणि गवतावर एक पाटी: 'या घरातल्या मांजरींची बोटं जागच्या जागी आहेत. तुमच्याकडे?' निवडणूक असो नसो, आमच्याकडे ज्याला मत असतं त्याच्या गवतावर पाटी असते. ही पाटी मी कित्येक महिने पाहत होतो. 'बोटं' असं का लिहिलंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, बाई वयस्कर आहे, जरा अलंकारिक लिहिते.

"लीलँड, तू असं काही करणार नाहीस," बर्नाडेट म्हणाली. ग्रंथालयात बोलतात त्याच आवाजात, म्हणून जास्त धास्ती वाटली. "आधी साधे उपाय कर. मी सांगते."

मी केले. सोफ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली, आणि रविवारी चर्चला निघताना बूट घालायला टेकलो तो सोफ्याच्या हातावर. मला सोडवायला मार्लिसला तीच कात्री आणावी लागली. चांगल्या विजारीचा मागचा भाग अजून त्या पट्टीवर आहे. मग नखांवर चिकटवायच्या रबरी टोप्या आणल्या. ग्रेव्हीला टॉवेलात गुंडाळलं. गुलाबी टोपी, थेंबभर गोंद, हलक्या हाताने दाबा, असं डब्यावर लिहिलं होतं. कोणाच्या हाताने ते लिहिलं नव्हतं. सोमवारी मी एका वृद्ध गृहस्थांच्या जळालेल्या गॅरेजची पाहणी केली ती तर्जनीला गुलाबी टोपी चिकटलेल्या अवस्थेत. ते गृहस्थ स्वतःचं दुःख विसरून माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते.

सुंभ गुंडाळलेला खांबही आणला. मांजरीने सोफा सोडून तो ओरबाडावा अशी कल्पना. तो इतका कुरूप होता की मी तो तळघरात, पाणी तापवायच्या टाकीमागे नेऊन ठेवला. ग्रेव्ही खांब आला त्या खोक्यात झोपली आणि उठून ताजीतवानी होऊन सोफ्याकडे गेली.

इथवर हे प्रकरण घरगुती होतं. ते सार्वजनिक केलं मी. हे मी अभिमानाने सांगत नाही.

नखं काढायला गावात बंदी घालावी असा अर्ज बर्नाडेटने ग्रामसभेकडे दिला होता. बंदी आली तर आपली वेळ हुकणार, या काळजीने मी सभेला गेलो. आमच्या सभेत कोणीही नागरिक माइकसमोर तीन मिनिटं बोलू शकतो. हिरवा दिवा लागला की सुरू, लाल लागला की बंद. नागरिक सहसा बर्फ सरकवणाऱ्या गाडीबद्दल बोलतात. हिरवा दिवा लागला आणि माझ्यात कोण संचारलं कोण जाणे.

"मित्रहो," मी म्हणालो, "नखं म्हणजे काय? मी माझी दर शनिवारी काढतो. मला कधी वेदना झाल्या नाहीत. उद्या ही सभा मला दाढी करायला बंदी घालेल! माणूस आपल्या सोफ्यावर सुरक्षित नसेल, तर तो कुठे सुरक्षित आहे?"

टाळ्या पडल्या. आयुष्यात मला प्रथमच टाळ्या पडल्या. बर्नाडेट मागच्या रांगेत होती. ती रागावली नव्हती. ती माझ्याकडे, एखादा मुलगा पुस्तक उलटं धरून वाचताना दिसावा, तशी पाहत होती. सभेने निर्णय पुढे ढकलला. गावच्या साप्ताहिकात माझं छायाचित्र आलं: बोट उंचावलेलं, आणि बोटाला गुलाबी टोपी.

मग कॅसरोल यायला लागले. परदेशी वाचकाला यातला धोका कळणार नाही. आमच्याकडे एखाद्याच्या घरी मृत्यू झाला, बाळ झालं किंवा कोणी एखाद्या बाजूने खंबीर उभा राहिला, की लोक काचेच्या भांड्यात भट्टीत भाजलेला बटाट्याच्या गोळ्यांचा, चीझचा, टूना माशाचा कॅसरोल घेऊन येतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. ते भांडं रिकामं परत करायचं नसतं. आणि ज्याचं भांडं तुमच्या घरात आहे त्याच्याशी मतभेद करता येत नाही; असा कायदा नाही, पण कायदे मोडून लोक या गावात राहिलेत, हा नियम मोडून कोणी राहिलेलं मी ऐकलं नाही. ड्वेनने दोन भांडी आणली. "बोललास, भावा!" तो म्हणाला आणि मला मिठी मारली.

दवाखान्याचा दिवस उजाडला. डॉ. लिंडक्विस्ट तरुण होत्या, शांत होत्या, आणि त्यांनी साप्ताहिक वाचलेलं होतं.

"हात टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, टोपी काढणार. मी ठेवला. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, नखाच्या खूप अलीकडे, सांध्यावर रेघ ओढली. मग मधल्या बोटावर. मग प्रत्येक बोटावर.

"मांजरीचं नख तुमच्यासारखं वर उगवत नाही," त्या म्हणाल्या. "ते या शेवटच्या हाडातूनच येतं. नख काढायचं म्हणजे हाड काढायचं. इथून. सांध्यात. प्रत्येक बोटाचं."

"प्रत्येक?"

"तुमच्या भाषणात तुम्ही म्हणालात, दर शनिवारी काढतो."

मी हात पाहिला. रेघा ओळीने होत्या, कुपनं फाडायला ठिपक्यांची रेघ असते तशा. "आणि मांजर चालते बोटांवर," डॉक्टर सांगत होत्या. "तळव्यावर नाही. तिला उरलेल्या टोकांवर चालावं लागतं. काही मांजरी नीट होतात. काही जन्मभर दुखऱ्या पायांनी चालतात. शौचाच्या वाळूवर पाय टेकवत नाहीत. नखं नसल्यामुळे चावायला लागतात. आम्ही हे करत नाही, मिस्टर क्रुगर. पण कोणीतरी करतं, म्हणून समोरासमोर सांगते."

यानंतरचं मला माहीत आहे ते इतरांकडून. मी "बटाट्याचे गोळे" असं काहीतरी म्हणालो आणि खाली बसलो; तिथे खुर्ची नव्हती. शुद्धीवर आलो तेव्हा प्रतीक्षालयातला एक सेंट बर्नार्ड कुत्रा माझं तोंड चाटत होता आणि ती उत्साही मुलगी म्हणत होती, "ग्रेव्हीच्या बाबांना पाणी आणा." ग्रेव्ही पिंजऱ्यातून माझ्याकडे पाहत होती. तिचे दोन्ही पुढचे पंजे जाळीत अडकवलेले होते. नखं बाहेर होती. सगळी.

घरी येऊन मी मार्लिससमोर हात धरला. रेघा पुसल्या नव्हत्या. मी सांगितलं. ती बराच वेळ माझी बोटं धरून बसली.

"म्हणजे प्रिन्सेस..." ती म्हणाली.

"हो."

"ते चालणं..."

"हो."

"मॉमला सांगायचं नाही, लीलँड. तिला सोसणार नाही."

म्हणजे परिस्थिती अशी झाली. ग्रेव्हीची बोटं वाचवायची, हे ठरलं. पण का वाचवली हे व्हर्नांना सांगायचं नाही. आणि न सांगावं तर त्या स्वतः तिला गाडीत घालून जिथे 'कोणीतरी करतं' तिथे नेतील, हेही पक्कं. व्हर्ना बोलतात ते करतात. तिकडे गावासाठी मी नखं काढणाऱ्यांचा पुढारी, आणि फडताळात पुढाऱ्याला आलेली सात भांडी.

मी खालच्या मानेने बर्नाडेटकडे गेलो. तिने 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. ते तिच्या भिंतीवरच्या छायाचित्रांतल्या मांजरींनी म्हटलं.

"खांब कुठे ठेवलायस?" तिने विचारलं.

"तळघरात. टाकीमागे."

"लीलँड, मांजर ओरबाडते ती सगळ्यांना दिसावं म्हणून. घर माझं आहे, हे सांगायला. तू तुझ्या गवतावरची पाटी तळघरात लावशील का?"

हे मला एकदम पटलं. खांब वर आला आणि दिवाणखान्यात, सोफ्याच्या डाव्या हाताला खेटून उभा राहिला. बर्नाडेटने मला ग्रेव्हीची नखं फक्त टोकाशी कापायला शिकवलं. एका बैठकीत एकच पंजा, आणि लगेच टूना. ग्रेव्हीला टूना पटला. खांबाबद्दल तिने निर्णय पुढे ढकलला.

थँक्सगिव्हिंगला व्हर्ना आल्या. हातात भोपळ्याची गोड पेस्ट्री, काठी, आणि पर्समध्ये माझ्या छायाचित्राचं कात्रण. ते त्या वसाहतीत सगळ्यांना दाखवून आल्या होत्या. "जावई मला उशिरा आवडायला लागला," त्या मार्लिसला म्हणाल्या, "पण आवडायला लागला."

टर्की भट्टीत होती. मार्लिस बटाटे कुटत होती, गरजेपेक्षा जास्त जोराने. व्हर्ना सोफ्यावर बसल्या, मखमलीवर, प्लास्टिकविना, जन्मात प्रथमच. त्यांनी सोफ्याच्या डाव्या हाताच्या चिंध्यांकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि खुर्चीखालून आलेल्या ग्रेव्हीला उचलून मांडीवर घेतलं. सरावाने पंजा दाबला. नखं बाहेर आली.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "मग पेपरात काय भाषण केलंस? उद्या दुकानं उघडली की मी स्वतः नेते हिला. प्रिन्सेसच्या डॉक्टरचा मुलगा अजून करतो."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कुटण्याचा आवाज थांबला होता.

"व्हर्ना," मी म्हणालो, "हात देता का जरा?"

मला त्यांच्या बोटांवर रेघ ओढायची गरज पडली नाही. त्यांची शेवटची पेरं संधिवाताने सुजलेली आहेत, गाठींसारखी. अंगठी तर कित्येक वर्षांपूर्वीच कापून काढावी लागली. मी त्यातल्या एका गाठीवर बोट ठेवलं, अगदी हलकं. तेवढ्यानेही त्यांनी हात मागे घेतला.

"इथून," मी म्हणालो. "नख नाही, व्हर्ना. हे. सगळ्या बोटांचं."

भाषणात मला तीन मिनिटं पुरली नव्हती. इथे एवढंच पुरलं.

ग्रेव्हीचा पंजा व्हर्नांच्या दुसऱ्या तळहातात होता. मार्लिस बटाटे कुटायचा दांडा हातात घेऊन दारात उभी होती, त्याच्यावरून बटाटा गालिच्यावर पडत होता आणि कोणी पुसत नव्हतं.

"ती नाचत चालायची," शेवटी व्हर्ना म्हणाल्या.

"मॉम, तुला कुठे माहीत होतं?"

"मी सगळ्यांना बोलावून दाखवायची. मुद्दाम चालायला लावायची, मार्लिस."

"डॉक्टर नखं म्हणाले होते, मॉम."

"नखंच म्हणाले होते."

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि ग्रेव्हीला दोन्ही हातांनी उचलून सोफ्याच्या डाव्या हातावर ठेवलं. "घे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हुकमी होता. "घे, पोरी. सगळा घे. काय करायचाय मला?"

मखमल समोर, परवानगी खुद्द मालकिणीची. ग्रेव्हीने सोफा हुंगला. आठवडेच्या आठवडे जिच्यासाठी आम्ही लढलो, ती मखमल तिला आता फारच साधी वाटली. ती खाली उतरली. खांबापाशी थांबली, बर्नाडेटची आठवण येऊन मी श्वास रोखला. ग्रेव्हीने खांबाला वळसा घातला, दिवाणखाना ओलांडला, माझ्या चामड्याच्या खुर्चीसमोर उभी राहिली, लांबलचक आळस दिला, पुढचे दोन्ही पंजे उंच टेकवले आणि खाली ओढले.

खर्रर्र.

मी अर्धा उठलो. व्हर्नांनी बोट वर केलं. मी बसलो.

खर्रर्र. चामडं जाड होतं, चांगल्या प्रतीचं होतं. आवाज सगळ्या घरभर गेला.

"प्रिन्सेससुद्धा असंच करायची," व्हर्ना म्हणाल्या. त्या माझ्या खुर्चीकडे पाहत होत्या, पण खुर्ची त्यांना दिसत होती असं वाटलं नाही. "स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला. रोज सकाळी. अगदी असंच, वरून खाली. मला वाटायचं, दूध मागतेय. फक्त आवाज यायचा नाही."

भट्टीतली टर्की करपायला लागल्याचा वास येत होता. मार्लिस आईशेजारी मखमलीवर बसली. ग्रेव्हीने पुन्हा अंग ताणलं, पुन्हा वरून खाली ओढलं. ती खुर्ची माझी होती, घरातली एकमेव. पण तो आवाज मध्येच थांबवायची माझी काय प्राज्ञा?